घरी नळ हाय, संडास हाय. मंग हगवण कुठून येते?

पावसाची पहिली झड लागली की विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत उलटी-ढाळाचे पेशंट वाढतात. पूर्वी लोकांना याचं फारसं आश्चर्य वाटत नसे. पाणी नाल्याचं, संडास गोदरीत म्हणजे उघड्यावर, मग होणारच. आता जलजीवन मिशनचा नळ अंगणात आलाय. स्वच्छ भारतचे 12,000 रुपये घेऊन बांधलेला संडास परसात उभा आहे. तरी पोरगं आखाडात एकदा तरी आडवं होतंच. "सारं केलं ना बाप्पा, मंग पोरगं बिमार कायले पडते?" हा प्रश्न रास्त आहे. "हात धुवा, पाणी उकळून प्या" एवढं सांगून त्याची बोळवण करता येत नाही.

हगवण, कॉलरा, टायफॉइड, पाण्यातून येणारी कावीळ हे सगळे आजार एकाच रीतीने पसरतात. एका माणसाची विष्ठा दुसऱ्याच्या तोंडात जाते. ऐकायला किळसवाणं आहे, पण गोष्ट तीच आहे. ती जायच्या वाटा मात्र अनेक: विहीर, पाइपलाइन, माशी, हात, अंगणातली माती, घरातला माठ. नळ आणि संडास यांतल्या एक-दोन वाटा बंद करतात, तेही नीट बांधले आणि नीट चालवले तर. बाकीच्या वाटा चालूच राहतात. म्हणून आपल्या गावात कुठली वाट फुटलेली आहे, हे आधी शोधावं लागतं.

वाईट पाणी दोन जातींचं

पहिली जात जंतूंची. हे पाणी मारक, पण उपाय स्वस्त: उकळा किंवा क्लोरीन टाका, जंतू मरतात. दुसरी जात पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, आणि तिथे उकळण्याचा उपयोग शून्य. उलट वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणजे पाणी थोडं अधिकच वाईट होतं.

विदर्भात ही दुसरी जात बरीच आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. तिथे विहीर खणा की बोअर मारा, पाणी खारटच लागतं. त्यामुळे या गावांना वान, काटेपूर्णा अशा धरणांवरून लांबच्या लांब पाइप टाकून पाणी द्यावं लागलं. अकोल्याकडे लोक या योजनांना '84 खेडी', '64 खेडी' म्हणून ओळखतात. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. हे जास्त फसवं, कारण पाणी नितळ दिसतं आणि चवीलाही गोड लागतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर लहानपणीच मुलांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि मोठ्यांचे गुडघे-पाठ आखडत जातात. शाळेतल्या मुलांचे दात पाहिले तर हापशीच्या पाण्याचा अंदाज येतो, इतकं ते उघड असतं. दात डागाळायला दुसरी कारणंही असतात, म्हणून पाणी तपासल्याशिवाय ठरवू नये.

नायट्रेट हा क्षारांतलाच तिसरा प्रकार. तो युरियातून येतो, तसाच गोठ्याच्या आणि संडासाच्या झिरप्यातूनही येतो. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची आहे. याचा सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळाला, विशेषतः बाटलीतल्या दुधात ते पाणी मिसळलं तर: रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं.

क्षारांवर घरगुती उपाय जवळजवळ नाही. एक तर दुसरा स्रोत शोधायचा, नाहीतर आरओ, म्हणजे क्षार गाळून काढणारं यंत्र. आरओच्या कॅनबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. आरओतून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. ते न धुतलेल्या कॅनमध्ये भरलं, कॅन दिवसभर उन्हात फिरला, की जंतूंना अडवणारं त्यात काहीच नसतं. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला कॅन घेण्यावाचून इलाज नाही. पण ज्या गावाच्या पाण्यात क्षार मर्यादेत आहेत, तिथे 20 लिटरच्या कॅनवर रोज पैसे घालवून लोक काय विकत घेतात, तर बहुतेक वेळा फक्त थंडावा.

टाकीत चांगलं, नळाला वाईट

आता नळ. जलजीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी घरात, हे त्याचं माप. गावच्या उंच टाकीतल्या पाण्याचा नमुना पुष्कळदा चांगला निघतो आणि त्याच दिवशी शेवटच्या आळीतल्या नळाचा वाईट. मधल्या दोन-चारशे मीटरांत काय घडतं?

पाइपमध्ये पाणी दाबाने वाहत असतं तेव्हा एखादी भेग असली तर पाणी बाहेर गळतं. वाया जातं खरं, पण घाण आत येत नाही. पाणी बंद केलं की दाब जातो. पाइप रिकामा होऊ लागतो, आत पोकळी तयार होते आणि तीच भेग बाहेरचं पाणी आत ओढून घेते. बाहेर काय असतं? आपल्याकडे पाइपलाइन आणि नाली एकाच रस्त्याच्या कडेने, कधी एकमेकींना खेटून जातात. म्हणजे नाली आत. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह उघडला की हेच पाणी सगळ्यात आधी नळाला येतं.

म्हणून 'दिवसाआड' किंवा 'आठवड्यातून एकदा' येणारं पाणी नुसतं गैरसोयीचं नसतं, ते जास्त धोक्याचंही असतं. खारपाणपट्ट्यातल्या मोठ्या योजनांत दोन पाळ्यांमध्ये आठ-दहा दिवस जाणं नवीन नाही. तेवढे दिवस पाइप रिकामा, आणि घराघरात टाक्या, ड्रम, रांजण भरलेले. शहरातल्या गरीब वस्तीची अडचणही हीच. हंगाम संपला की आपल्या गावांतून कामाला गेलेली माणसं जिथे राहतात, त्या झोपडपट्टीत सार्वजनिक नळाला तास-दोन तास पाणी येतं आणि रबरी नळी नालीवरूनच घरात जाते. नागपुरात 2012 पासून शहरभर 24 तास पाणी देण्याचा करार अमलात आला, धरमपेठ भागात त्याआधी प्रयोग झाला. त्या करारावर वाद बरेच झाले आणि ते इथे उगाळायचे नाहीत. पण त्यामागचं तांत्रिक कारण पक्कं आहे: पाइप कायम भरलेला आणि दाबात राहिला, तर नाली आत शिरायला जागाच मिळत नाही.

गावात आपण यात दोन गोष्टींची भर घालतो. पाणी जोरात येत नाही म्हणून नळ खाली नेतो. अंगणात हात-दीड हात खड्डा खणायचा आणि त्यात नळाचं तोंड ठेवायचं. पावसाळ्यात तो खड्डा भरतो, नळाचं तोंड गढूळ पाण्यात बुडतं, आणि पाणी बंद होताच तेच पाणी पाइपात परत जातं. म्हणजे एकाच्या खड्ड्यातलं पाणी शेजाऱ्याच्या गुंडात, घागरीत. दुसरी गोष्ट टिल्लू पंप. तो थेट लाइनला लावला की पंपवाल्याच्या घरी धो-धो येतं, पण आसपासच्या पाइपात पोकळी निर्माण होते आणि भेगांतून घाण ओढली जाते. टिल्लूवरून होणारी भांडणं नेहमी 'आमच्या वाटचं पाणी ओढलं' अशी असतात. 'आमच्या पाण्यात नाली ओढली' असं कोणी भांडत नाही, खरं तर भांडायला हवं.

घरापुरतं करता येण्यासारखं आहे ते असं. पहिलं दोन-तीन मिनिटांचं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते भांड्या-धुण्याला वापरा. नळाला तोटी बसवा आणि तिचं तोंड जमिनीच्या वर ठेवा. व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये पाणी साचलेलं दिसलं तर ते ग्रामपंचायतीच्या कानावर घाला, कारण सगळ्या गावची घाण बहुतेक वेळा तिथूनच शिरते.

खड्डा किती खोल? जितका लहान तितका बरा

संडासाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत ते खड्ड्याबद्दल. शासनाने सांगितलेला दोन खड्ड्यांचा संडास लोकांना खेळण्यातला वाटतो. जेमतेम तीन फूट व्यास आणि तीन-चार फूट खोली! "एवढूसा खड्डा वर्षात भरंल" म्हणून लोक दहा-दहा फुटांची टाकी बांधतात, कर्ज काढूनसुद्धा.

लहान खड्डा का चालतो, ते असं. विष्ठेत बहुतांश पाणीच असतं. खड्ड्याची भिंत विटांची जाळीदार आणि तळ कच्चा असला तर पाणी जमिनीत जिरतं, वायूही मातीत शोषला जातो, आणि उरतो तो थोडासा गाळ. पाच-सहा माणसांच्या घरात असा एक खड्डा साधारण तीन वर्षं पुरतो. मग चेंबरमधलं एक तोंड बंद करून दुसरं उघडायचं. एक वावर पडीक ठेवून दुसरं पेरावं, तसं. पहिला खड्डा दीड-दोन वर्षं बंद राहिला की आतला गाळ कोरडं, वास नसलेलं खत होतो. तोवर जंतू मेलेले असतात. फावड्याने काढा आणि वावरात टाका.

अडचण अशी की बांधताना गवंडी अनेकदा दोन्ही खड्ड्यांत एकदमच पाणी सोडतात, किंवा एकाचं भरून दुसऱ्यात जाईल असं जोडतात. मग दोन्ही एकाच वेळी भरतात आणि विश्रांतीचा खड्डा उरतच नाही. काही ठिकाणी हौसेने गॅसचा पाइप लावतात. या प्रकारात त्याची गरज नसते, उलट त्यातून माशा ये-जा करतात.

आपल्या भागात जमिनीचाही विचार करावा लागतो. काळी कसदार जमीन कपाशीला चांगली, खड्ड्याला वाईट. ती पाण्याने फुगते आणि जिरवणं बंद करते. म्हणून काळ्या जमिनीत खड्ड्याच्या भिंतीबाहेर चहूबाजूंनी साधारण एक फूट वाळू किंवा बारीक गिट्टी भरायची असते. हे खर्चाच्या अंदाजपत्रकात आलं नाही की पावसाळ्यात संडासाच्या भांड्यातून पाणी उलटं वर येतं आणि घरचे लोक पुन्हा गोदरीची वाट धरतात. खडकाळ जमिनीत उलटा धोका. पश्चिम विदर्भातल्या काळ्या पाषाणात भेगा असतात, आणि भेगेतून घाण न गाळता, झपाट्याने विहिरीपर्यंत जाते. त्यामुळे विहीर-हापशीपासून खड्डा निदान 10 मीटर, भेगाळ खडक असेल तर 15 मीटर किंवा त्याहून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. दाटीच्या आळीत एवढी जागा नसतेच. तिथे नवा खड्डा खणण्याऐवजी ती विहीर पिण्याच्या पाण्यातून वगळणं जास्त शहाणपणाचं.

आणि मोठी टाकी? तिच्यामागे खरं कारण वेगळं आहे, ते कोणी स्पष्ट बोलत नाही: खड्डा उपसायचा कोणी? हे काम एका जातीचं, ही समजूत डोक्यातून गेलेली नाही, म्हणून आपल्या हयातीत उपसावाच लागू नये एवढी टाकी बांधायची. हाताने मैला उपसायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि भरलेल्या टाकीत उतरलेली माणसं विषारी वायूने मरतात. त्यावर पुष्कळांनी काढलेली तोड म्हणजे टाकीचा पाइप थेट नालीत. घर स्वच्छ झालं, कागदावर गाव हागणदारीमुक्त झालं, आणि मैला नालीतून वाहत पाइपलाइनच्या भेगेपाशी पोचला. वरच्या प्रश्नाचं एक उत्तर इथेच आहे.

अर्ध्या गावाने वापरला तर

ओडिशात 100 गावांत केलेला एक मोठा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत संडास बांधून दिले, तिथे संडास असलेल्या घरांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेलं, पण मुलांची हगवण कमी झाली नाही. बांधलेले सगळे वापरात नव्हते, आणि उरलेल्या घरांची घाण गावभर होतीच. माशी कोणाच्या घरी संडास आहे हे पाहून बसत नाही. ज्या घरात गौऱ्या आणि तुऱ्हाट्या ठेवायला संडास वापरतात, ते घर शेजाऱ्याच्या पोरालाही आजारी पाडतं. गुडमॉर्निंग पथकं लोटेवाल्यांच्या मागे धावली, फोटो काढले, लोकांना लाजवलं. पण पाणी नसलेला संडास वापरायचा कसा, याचं उत्तर त्या पथकांकडे नव्हतं.

तान्ह्या मुलांची शी ही विसरलेली बाजू. "लेकराचं काय घाण?" म्हणून ती उकिरड्यावर, नालीत किंवा अंगणाच्या कोपऱ्यात जाते. हगवण सर्वांत जास्त लहान मुलांनाच होते, म्हणून रोगाचे जंतूही त्यांच्या शीत भरपूर असतात. ती संडासातच टाकायला हवी.

वावराचंही तसंच. निंदण, डवरण, कापूस वेचणी यात बाई सकाळी निघते ते संध्याकाळी परतते. घरचा संडास तिच्या दिवसाच्या कामाचा नाही. पाणी पिते ते वावरातल्या उघड्या विहिरीचं, जिच्याभोवती कठडा नसतो आणि पहिल्या पावसात सगळ्या शिवाराचा गाळ उतरतो. मजुरी ठरवताना मालकाने घरच्या, क्लोरीन टाकलेल्या पाण्याची कॅन वावरात पोचवायची, एवढी अट घातली तरी पावसाळ्यात फरक पडेल.

घरातल्या माठाबद्दल थोडक्यात: ग्लास बुडवला की बोटं बुडतात. तोटीचा माठ घ्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं वापरा. हात साबणाने धुवा, संडासहून आल्यावर आणि जेवण बनवण्या-भरवण्याआधी. पाण्याने नुसते ओले केलेले हात धुतलेले होत नाहीत.

टीसीएलचा हिशेब

विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावाच्या भाषेत टीसीएल, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट वापरला जाणारा उपाय. माप असं काढायचं: विहिरीच्या व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 785. मापं मीटरमध्ये घेतली की उत्तर लिटरमध्ये येतं. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर 4×4×3×785, म्हणजे सुमारे 37,700 लिटर. दर हजार लिटरला पाण्याच्या गढूळपणानुसार अडीच ते पाच ग्रॅम पावडर, म्हणजे या विहिरीला साधारण 95 ते 190 ग्रॅम. ही पावडर बादलीत कालवायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं, चुना तळाशी बसला की वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून ढवळायची. तळचा चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाणी जड होतं. निदान अर्धा तास, जमलं तर तासभर कोणी पाणी काढू नये. म्हणून रात्रीची वेळ बरी.

हे झालं की नाही, ते नळाला कळतं. जलसुरक्षक, म्हणजे गावात पाण्याच्या शुद्धीकरणाचं काम बघणारा माणूस, ओटी टेस्ट करतो: नळाच्या पाण्यात थेंब टाकले आणि रंग पिवळा आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या घरी लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी उरायला हवं. साथ असेल तेव्हा 0.5. टाकीजवळच्या घरी टेस्ट घेऊन वहीत नोंद केली तर काही अर्थ नाही. पावडरचं पोतं ग्रामपंचायतीच्या खोलीत तोंड उघडं ठेवून महिनोन्महिने पडलं असेल तरीही नाही, कारण क्लोरीन उडून जातो. चांगल्या पावडरीत 33 टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो. 20 च्या खाली गेलेली पावडर म्हणजे जवळजवळ चुनाच.

तरी पोरगं पडलंच तर

हगवणीत मूल मरतं ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्याने. ते तोंडाने परत देता येतं, हे 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी दाखवून दिलं: तिथे कॉलऱ्याने 30 टक्क्यांच्या आसपास होणारे मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आले. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घाला. अर्धं पाकीट, ग्लासभर पाणी असा अंदाजपंचे कारभार नको. केलेलं पाणी 24 तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. सोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10. दोन्ही आशाताईकडे मिळतात. ढाळ थांबले तरी गोळ्या पूर्ण द्या. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर ताबडतोब दवाखाना.

बिल कोण भरणार?

2022 च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत उघड्या विहिरीचं पाणी पिऊन साथ आली आणि माणसं दगावली. गावात नळयोजना होती. वीज बिल थकल्यामुळे तिची वीज कापलेली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. पंप होता, पाइप होता, नव्हती ती बिल भरण्याची सोय. योजना बांधायला मुंबई-दिल्लीहून पैसा येतो, चालवायला गावालाच लागतो. पाणीपट्टी भरायला लोक तयार नसतात, कारण पाणी नीट येत नाही. पाणी नीट येत नाही, कारण पट्टी जमत नाही. यातून सुटका कोणी एकाने आधी पाऊल उचलल्याशिवाय नाही, आणि माझ्या मते ते ग्रामपंचायतीने उचलावं, तेही जमा-खर्च फळ्यावर लिहून.

पैसा अगदीच नाही असंही नाही. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव होता. आपल्या ग्रामपंचायतीत तो कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. त्यांची नावं विचारा, आणि त्यांनाही विचारा की त्या समितीवर आहेत हे त्यांना माहीत आहे का. जलजीवनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवायचं ठरलं होतं. ती तपासणीची पेटी कोणाच्या घरी आहे? क्षारांची पक्की तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होते. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल म्हणजे साथीचा धोका मोठा. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड आणि साथ एकही नाही, तर चंदेरी. शेवटच्या पाहणीत तुमच्या गावाला कुठलं मिळालं, ते ग्रामपंचायतीत जाऊन बघा.